ही प्लेज, ही ईट्स... मग ‘ही कॅन्स’ का नाही?

आजचा भाग एका ‘एस’बद्दल आहे. जो असायला हवा होता आणि नाहीये, त्या ‘एस’बद्दल.

शाळेत हे सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलेलं असतं: आय प्ले, यू प्ले, पण ही प्लेज. शी ईट्स. इट वर्क्स. त्या एका ‘एस’पायी आपले किती अर्धे-अर्धे मार्क गेले त्याचा हिशेबच नाही. आणि मग त्याच फळ्यावर, त्याच खडूनं लिहिलं जातं, ‘ही कॅन स्विम’. कॅन्स नाही. शी मस्ट, इट मे, ही शुड. कुणी हात वर करून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: ते मोडल व्हर्ब आहे, त्याला ‘एस’ लागत नाही, पाठ करा.

पाठ करायला माझी हरकत नाही. पण याला कारण आहे, आणि ते मराठी माणसाला कळायला जेमतेम दोन मिनिटं लागतात. इंग्रज मुलाला जास्त लागतील, असं माझं प्रामाणिक मत आहे.

घरी आल्यावर आई विचारते, “भूक लागली?” तुम्ही म्हणता, “हो, लागली.” आता ‘लागली’ हे रूप कुठल्या काळाचं? भूतकाळाचं. पण भूक काल लागून संपली का? नाही ना. भूक आत्ता आहे, पोटात कावळे ओरडतायत. तसंच ‘कळलं’. “कळलं का?” “हो, कळलं.” रूप भूतकाळाचं, अर्थ आत्ताचा: म्हणजे आता मला माहीत आहे. ‘दमलो’ म्हणणारा माणूस आत्ता दमलेला असतो. आपण दिवसभर हे करतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

इंग्रजी, जर्मन, डच या भाषांची जी सामाईक आजी होती, तिच्यातही काही मोजकी क्रियापदं अशीच होती. रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. ‘कॅन’ त्यातलंच. मूळ अर्थ ‘कळलं आहे’, म्हणून ‘माहीत आहे’. संस्कृतातही एक असंच आहे: ‘वेद’ म्हणजे ‘तो जाणतो’, पण रूप बघाल तर भूतकाळाचं. आता इंग्रजीत भूतकाळाला ‘एस’ लागतो का? ही सँग, शी वेंट. नाही लागत. म्हणून ‘ही कॅन’. त्याचा ‘एस’ कुणी काढून टाकलेला नाही, तो तिथे कधी नव्हताच. ‘मे’, ‘शॅल’, ‘मस्ट’ ही सगळी त्याच गोत्राची. ‘विल’ तेवढं मूळचं वेगळ्या घरचं, इच्छा दाखवणाऱ्या एका रूपातून आलेलं, पण संगतीत राहून तेही तसंच वागायला लागलं.

झालं, ‘एस’चा प्रश्न सुटला. पण खरी गंमत पुढे आहे. ही सगळी आजची ‘हेल्पिंग’ क्रियापदं एके काळी कुणाची मदतनीस नव्हती. ती आपापल्या पायावर उभी होती, प्रत्येकाला स्वतःचा ठणठणीत अर्थ होता. तो अर्थ बघायचा तर आपल्याला एका गोठ्यात जावं लागेल.

गोठा आहे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, व्हिटबी नावाच्या गावी. काळ सातव्या शतकाचा. तिथे एक मठ होता, हिल्ड नावाची बाई त्याची प्रमुख होती, आणि त्या मठाची गुरं सांभाळणारा एक माणूस होता, कॅडमन. इंग्रजीतला नावानिशी माहीत असलेला पहिला कवी म्हणून त्याचं नाव घेतात. ही गोष्ट बीड नावाच्या साधूनं इसवी सन ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात लॅटिनमध्ये लिहून ठेवली, आणि पुढे दीडेकशे वर्षांनी कुणीतरी तिचं तेव्हाच्या इंग्रजीत भाषांतर केलं.

त्या काळी जेवणावळ झाली की वीणेसारखं एक वाद्य हातोहात फिरायचं, आणि ज्याच्या हातात येईल त्यानं गायचं. अंताक्षरीच म्हणा. कॅडमनला गाता येत नसे. वाद्य आपल्या दिशेनं सरकताना दिसलं की हा उठायचा आणि निघून जायचा. (ऑफिसच्या मीटिंगमध्ये इंग्लिशमधून बोलायची पाळी जवळ आली की ज्यांचा फोन अचानक वाजतो, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल.) एका रात्री असाच उठून तो गोठ्यात गेला, गुरांपाशी झोपला, आणि स्वप्नात कुणीतरी येऊन त्याला गायला सांगितलं.

तो म्हणाला, मला गाता येत नाही. समोरच्यानं सांगितलं, तरी तू गाऊ शकतोस. मग यानं विचारलं, काय गायला हवं मी?

तीन वाक्यं. आणि त्या जुन्या इंग्रजी भाषांतराच्या काही हस्तलिखितांत या तीन वाक्यांत तीन क्रियापदं येतात: पहिल्यात आजच्या ‘कॅन’चं पूर्वरूप, दुसऱ्यात ‘मे’चं, तिसऱ्यात ‘शॅल’चं. आज इंग्रजीच्या पुस्तकात मोडल व्हर्ब्सचा जो धडा असतो, तो एका गुराख्याच्या स्वप्नात आधीच येऊन गेलाय.

पण त्यांचा अर्थ आजचा नाही. पहिलं वाक्य बघा. बीडच्या लॅटिनमध्ये कॅडमन जे क्रियापद वापरतो त्याचा सरळ अर्थ आहे ‘मी जाणत नाही’. भाषांतरकारानं त्यासाठी ‘कॅन’ घेतलं, कारण तेव्हा ‘कॅन’ म्हणजे अंगात ताकद असणं नव्हे, तर माहीत असणं, शिकलेलं असणं. जर्मनमध्ये आजही ‘मला जर्मन येतं’ हे नुसत्या ‘कॅन’च्या बहिणीनं सांगतात, ‘स्पीक’ वगैरे लावलं नाही तरी चालतं. आणि हे ‘कॅन’, इंग्रजीतलंच ‘नो’ म्हणजे जाणणे, संस्कृतातलं ‘ज्ञा’, आपलं ‘जाणणे’ ही सगळी एकाच मुळाची भावंडं आहेत. याच्यातली माझी आवडती जोडी सांगते. इंग्रजीत असभ्य, अडाणी माणसाला ‘अनकूथ’ म्हणतात. मुळात त्याचा अर्थ होता ‘अनोळखी’. त्याचे तुकडे पाडा: ‘अन’ म्हणजे नाही, ‘कूथ’ म्हणजे जाणलेलं. आता आपला ‘अज्ञात’ घ्या: ‘अ’ म्हणजे नाही, ‘ज्ञात’ म्हणजे जाणलेलं. हा एकच शब्द आहे, दोन टोकांना जाऊन पोचलेला.

दुसऱ्या वाक्यातलं ‘मे’ तेव्हा ताकदीचं क्रियापद होतं. इंग्रजीत ‘माइट’ म्हणजे बळ, हा शब्द अजून आहे, तो ‘मे’च्याच घरातला. म्हणजे सातव्या शतकातल्या त्या गोठ्यात दोन वेगळ्या गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणतोय, मला येत नाही. दुसरा म्हणतोय, पण तू करू शकतोस. मराठीत हा फरक आजही जिवंत आहे. ‘मला पोहता येतं’ आणि ‘मी पोहू शकतो’ ही एकच गोष्ट नाही. हात मोडलेल्या माणसाला पोहता येत असतं, पण आत्ता तो पोहू शकत नाही. इंग्रजीनं पुढच्या काही शतकांत हा फरक मोडीत काढला आणि दोन्ही कामं ‘कॅन’च्या अंगावर टाकली. आपण ते वाक्य मराठीतून उचलून इंग्रजीत नेतो तेव्हा कधीकधी दोन्ही अर्थ सोबत घेऊन जातो, आणि मग ‘आय कॅन एबल टू’ असं काहीतरी तोंडातून निघतं. ते चूक आहे, म्हणू नका. पण आपल्या डोक्यात ज्या दोन खणांत या गोष्टी ठेवलेल्या असतात, ते दोन खण जुन्या इंग्रजीतही होते.

‘कॅन’नं ताकदीची जागा बळकावल्यावर ‘मे’चं काय झालं? ते सरकत सरकत ‘शक्यता आहे’ आणि ‘परवानगी आहे’ या दोन खोल्यांत राहायला गेलं. या परवानगीच्या खोलीकडे मी परत येणार आहे, कारण तिथे आपल्यातल्या बऱ्याच जणांना शिक्षा झालीय.

आधी तिसरं वाक्य. ‘काय गायला हवं?’ बीडच्या लॅटिनमध्ये इथे जे क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ आहे ‘देणं लागतो’. पैशाचं कर्ज असतं तसं. भाषांतरकारानं त्यासाठी ‘शॅल’ घेतलं, आणि हा काही योगायोग नव्हे, कारण ‘शॅल’चा स्वतःचा मूळ अर्थही अगदी तोच होता: मी देणेकरी आहे. जर्मनमध्ये त्याच मुळाचा ‘शुल्ड’ हा शब्द आजही चालतो, त्याचा अर्थ कर्ज आणि दोष, दोन्ही. म्हणजे ‘यू शुड’ असं कुणी तुम्हाला म्हणतं तेव्हा शब्दाच्या तळाशी एक उधारीची वही पडलेली असते. ‘ऑट टू’चंही तेच, ते ‘ओ’ म्हणजे ऋणी असणे याचा जुना भूतकाळ आहे.

कर्तव्याला कर्जाची भाषा वापरणं फार परकं वाटतंय का? मग ‘आपण समाजाचं देणं लागतो’ हे वाक्य किती भाषणांत ऐकलंत ते आठवा. आणि ‘मला जावं लागतं’ यातलं ‘लागतं’ कुठलं? त्याच ‘लागणे’मधलं. आणि ‘जावं’, ‘करावं’ मधलं ते ‘-आवं’? ते संस्कृतच्या ‘-तव्य’चं झिजलेलं रूप आहे. ‘कर्तव्य’ घासत घासत ‘करावं’ झालं. आपण ‘असं करावं’ म्हणतो तेव्हा नकळत ‘हे कर्तव्य आहे’ असंच म्हणत असतो.

‘मस्ट’ची गोष्ट छोटी आहे. जुन्या इंग्रजीत एक क्रियापद होतं, मुभा असणे या अर्थाचं. ‘मस्ट’ हा त्याचा भूतकाळ. मूळ क्रियापद मेलं आणि भूतकाळ मागे राहून वर्तमानकाळाचं काम करायला लागला, तेही मुभेचं नाही, सक्तीचं. म्हणूनच ‘काल मला जावं लागलं’ हे ‘मस्ट’नं सांगता येत नाही, ‘हॅड टू’ घ्यावं लागतं. भूतकाळाचा भूतकाळ कुठून आणणार? मेलेल्या त्या मूळ क्रियापदाचं एक रूप, ‘मोट’, फ्रीमेसन लोक आपल्या विधीत अजून म्हणतात. एरवी ते फारसं ऐकू येत नाही.

आणि दोन फुटकळ गोष्टी, कारण या प्रत्येक भागाला कुणीतरी विचारतंच. ‘विल नॉट’चं ‘वोन्ट’ का, ‘विलन्ट’ का नाही? कारण मध्ययुगीन इंग्रजीत ‘विल’ला ‘वोल’ असंही म्हणत. ‘वोल’ गेलं, ‘वोन्ट’ राहिलं. आणि ‘कुड’च्या स्पेलिंगमध्ये ‘एल’ कशाला? कशालाच नाही. ‘शुड’ आणि ‘वुड’मध्ये तो मुळापासूनचा आहे, कारण ती ‘शॅल’ आणि ‘विल’पासून आली, तो एके काळी उच्चारलाही जायचा. ‘कॅन’मध्ये ‘एल’ कुठाय? पण पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास शेजाऱ्यांचं बघून ‘कुड’मध्येही तो लिहायला लागले. आज जगभरातली पोरं तो ‘एल’ पाठ करतात.

आता येऊ शिक्षेकडे.

सतराव्या शतकात ऑक्सफर्डला जॉन वॉलिस नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. अनंताचं चिन्ह, तो आडवा पडलेला आठ, तो वापरात आणणारा माणूस हाच, १६५५ साली. त्याआधी इंग्लंडच्या यादवी युद्धात त्यांनी शत्रूची गुप्त पत्रं उलगडून दिली होती. तर या बुद्धिमान गृहस्थांनी १६५३ मध्ये इंग्रजीचं एक व्याकरण काढलं, लॅटिनमध्ये, इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी. त्यात त्यांनी एक नियम मांडला. नुसतं भविष्य सांगायचं असेल तर ‘आय शॅल’, पण ‘यू विल’ आणि ‘ही विल’. वचन द्यायचं किंवा धमकी द्यायची असेल तर नेमकं उलट: ‘आय विल’, पण ‘यू शॅल’, ‘ही शॅल’.

डोकं गरगरलं? साहजिक आहे. पुढच्या शतकात रॉबर्ट लोथ या धर्मगुरूंच्या १७६२ च्या व्याकरणात आणि लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणात हा नियम आला. मरे हे अमेरिकेतून येऊन इंग्लंडमध्ये यॉर्कला स्थायिक झालेले वकील. त्यांनी पुस्तक लिहिलं तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी, पण ते खपलं जगभर. नियम आता सभ्यतेची खूण झाला. आयरिश आणि स्कॉटिश लोक सरसकट ‘विल’ म्हणायचे, त्यांची टिंगल सुरू झाली. बुडणाऱ्या आयरिश माणसाचा एक जुना विनोद आहे. तो ओरडतो, “आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!” त्याला म्हणायचं असतं, मी बुडतोय, मला कुणी वाचवत नाही. काठावरचे सुशिक्षित लोक वॉलिसच्या नियमानं अर्थ लावतात: मी बुडणारच, खबरदार मला कुणी वाचवलं तर! आणि त्याच्या इच्छेला मान देऊन घरी जातात.

मला हा विनोद आयरिश माणसावर वाटतच नाही. काठावरच्यांवर वाटतो.

हाच नियम पुढे आपल्याकडे आला. महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, आणि मग आलं ते लाल-जाड रेन अँड मार्टिन. त्यातले रेन हे कराचीत एका हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. पुढे त्यांनी फ्रेंच फॉरेन लीजनच्या सैनिकांवर ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिली, ती तुफान चालली, तिच्यावर सिनेमे निघाले. पण भारतात त्यांचं नाव अमर झालं ते व्याकरणानं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांतून ‘आय शॅल, यू विल’ आपल्या आजी-आजोबांनी घोकलं. ज्यांच्या घरी कुणी जुने मॅट्रिक असतील त्यांनी विचारून बघा, अजून म्हणून दाखवतील.

दरम्यान इंग्रजी बोलणारे काय करत होते? १९२५ मध्ये चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकानं एक साधी गोष्ट केली. नियम काय म्हणतो ते बाजूला ठेवून त्यानं नाटकांमधले संवाद मोजले, कारण बोलण्याच्या सगळ्यात जवळ जाणारं लिखाण तेच. निघालं असं की लोक हा नियम पाळत नव्हते. ‘आय विल’ सर्रास होतं. म्हणजे ज्यांची भाषा, ते खुशाल बोलत होते, आणि हजारो मैलांवरची आपली मंडळी त्यांच्या वतीनं नियम पाळत होती.

‘मे’चंही तसंच. आमच्या शाळेत वर्गात शिरायचं तर दारात उभं राहून ‘मे आय कम इन’ म्हणावं लागायचं. एक मुलगी ‘कॅन आय कम इन’ म्हणाली. बाईंनी विचारलं, “आय डोन्ट नो. कॅन यू?” वर्ग हसला. तिला वाक्य सुधारता येईना, कारण चुकलंय काय हेच तिला कळेना, आणि ती तास संपेपर्यंत दारात उभी राहिली. हे उत्तर जगभरातल्या शिक्षकांनी दिलेलं आहे, त्या बाईंचा तो स्वतःचा शोध नव्हता. पण इतिहास बघाल तर त्या प्रश्नाला काहीच आधार नाही. ‘मे’ स्वतःच मुळात ‘शकतो’ या अर्थाचं होतं. परवानगीचं काम त्याच्याकडे नंतर आलं, आणि ‘शकणे’कडून ‘परवानगी असणे’कडे हा जो प्रवास ‘मे’नं केला, तोच एकोणिसाव्या शतकापासून ‘कॅन’ही करतंय. मराठीत ‘मी आत येऊ शकते का?’ असं विचारल्यावर कुणी आपले पाय तपासत नाही.

असो. ती मुलगी आता बंगळुरूला टीम लीड आहे, आणि दिवसाला पन्नासदा ‘कॅन वी’ म्हणते.

मग रोजच्या बोलण्यात नेमकं काय सांभाळायचं? माझ्या मते एकच गोष्ट खरोखर सांभाळण्यासारखी आहे, आणि तीही आपल्याला मराठीतून येतेच. तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये जाता आणि म्हणता, “सर, जरा बोलायचं होतं.” होतं? आता नाहीये का? आहे की, त्यासाठीच तर आलात. पण ‘बोलायचं आहे’ म्हटलं तर टोक लागतं. क्रियापद एक पाऊल मागे, भूतकाळात नेलं की विनंती मऊ होते, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. ‘सुट्टी पाहिजे’ आणि ‘सुट्टी पाहिजे होती’. इंग्रजीत ‘कॅन यू’चं ‘कुड यू’, ‘विल यू’चं ‘वुड यू’ होतं तेव्हा नेमकं हेच घडतं. ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ, ‘वुड’ हा ‘विल’चा. काळ मागे सरकवला, अंतर वाढलं, आदर आला. यासाठी वेगळा नियम पाठ करायची गरजच नाही. जिथे मराठीत तुमच्या तोंडून आपोआप ‘होतं’ येतं, तिथे इंग्रजीत ‘कुड’ किंवा ‘वुड’ बसतं.

(आणि हे ‘पाहिजे’ म्हणजे आपलं स्वतःचं मोडलच आहे. जुन्या मराठीत ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहिलं जातं, शोधलं जातं’. ‘म्हणजे’ हेही तसंच: ‘म्हणिजे’, म्हणजे ‘म्हटलं जातं’. आज ‘मला पाहिजे’, ‘तुला पाहिजे’, ‘साहेबांना पाहिजे’, माणूस बदलला तरी ते हलत नाही. आपल्याही घरात ‘एस’ न लागणारे पाहुणे आहेत.)

फक्त एक सावधगिरी. आपल्याकडे नम्रपणाच्या भरात ‘आय वुड बी कमिंग टुमॉरो’ असं लिहायची सवय पडलीय. येणार हे नक्की असेल तर ‘विल’ लिहा. कारण बाहेरच्या देशातला माणूस तो ‘वुड’ वाचून पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतो: आलो असतो, पण... काय? त्याला वाटतं तुम्ही येत नाही आहात.

‘मस्ट’ आणि ‘शॅल’ तर बोलण्यातून हळूहळू उठूनच चाललेत. जेफ्री लीच या ब्रिटिश अभ्यासकानं १९६१ सालच्या छापील इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा साठा आणि साधारण तीस वर्षांनंतरचा तेवढाच साठा ताडून बघितला. मोडल क्रियापदं एकूण सुमारे दहा टक्क्यांनी कमी झालेली दिसली, आणि त्यात ‘शॅल’, ‘मे’, ‘मस्ट’ यांची घसरण मोठी. वर चढली ‘हॅव टू’, ‘नीड टू’ वगैरे मंडळी. लोकांना हुकूम सोडायला आणि ऐकायला आवडेनासं झालं, असं एक कारण सांगतात. मला ते पटतं. बॉसचा ‘यू मस्ट’ आणि ‘यू नीड टू’ यातला फरक आपल्याला पोटात कळतो, काम तेच असलं तरी.

पण एक जागा अशी आहे जिथे ‘शॅल’ अजून ठाण मांडून बसलंय, आणि तिथे ते तुमच्या खिशाला भिडतं. कायद्याची भाषा. आपलं इंग्रजी संविधान ‘शॅल’नं भरलेलं आहे; कलम १४ मध्ये राज्य समानता ‘शॅल नॉट डिनाय’, मराठी पाठात ‘नाकारणार नाही’. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ च्या संविधानात ‘शॅल’ बाजूला ठेवून ‘मस्ट’ घेतलं, कारण ‘शॅल’ म्हणजे भविष्य की सक्ती यावर वाद घालून वकील थकत नाहीत. आपल्याकडेही १९५७ मध्ये मनबोधन लाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दलच्या कलम ३२० मधलं ‘शॅल’ हे सक्तीचं नाही. म्हणजे ‘शॅल’ दिसलं की सक्ती आलीच, असं डोळे मिटून धरता येत नाही. कोर्ट संदर्भ आणि हेतू बघतं. तरीही कागदावर ‘शॅल’ असणं आणि ‘मे’ असणं यात फरक आहेच.

पुण्या-मुंबईत भाड्यानं राहणाऱ्यांनी आपला लिव्ह अँड लायसन्सचा करार फोनवर उघडून बघा. पीडीएफ असेलच कुठेतरी व्हॉट्सॲपवर. तुमच्यासाठीची वाक्यं बघा: लायसन्सी शॅल पे, शॅल नॉट सबलेट, शॅल कीप. मग मालकासाठीची बघा. काही करारांत तिथे ‘मे’ची गर्दी असते: मे एंटर, मे टर्मिनेट, मे डिडक्ट. आणि मग डिपॉझिटचं वाक्य शोधा. ‘शॅल बी रिफंडेड’ असेल तर बरं. ‘मे बी रिफंडेड’ असेल तर सही करण्याआधी ते बदलून मागा. मालक विचारतील, एका शब्दानं काय होतं? त्यांना सांगा, ‘शॅल’ म्हणजे मुळात ‘देणं लागतो’.